गुरुजींपुढं न ठेवलेली सुपारी

कुणाचीही नक्कल करण्याआधी नकल्या त्या माणसाच्या दारात जायचा. पुढ्यात एक सुपारी ठेवायचा आणि विचारायचा, "तुमची नक्कल करू का?" सुपारी उचलली तर होकार. नाही उचलली तर तो ती गुपचूप खिशात टाकायचा, आणि त्या माणसाची लकब पुन्हा कधी त्याच्या अंगात दिसायची नाही. श्रीरामपूरच्या गणपतीत त्यानं आमच्या हेडगुरुजींचा मुद्दाम अपमान केला, असं गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांनी नकल्याला मंचावर पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे. आता माझं वय झालं, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

नेवाशाजवळच्या आमच्या गावात त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्टा फिरू लागला की बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळं लहानपणापासून तो माणसं नुसती बघत आला. मी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. दळण घेऊन गेलो की पिठानं पांढरा झालेला हा गडी मला तलाठी चप्पल कशी काढतो, सरपंच खुर्चीत बसण्याआधी ती कशी हलवून बघतो, ते करून दाखवायचा. हसून हसून मला ठसका लागायचा. मीच म्हणालो, "हे लोकांपुढं कर."

पहिल्यांदा तो जत्रेत उभा राहिला. "आरं, आवाज काढ की! मुका हाय का?" असा गिल्ला झाला आणि तो पाच मिनिटांत खाली उतरला. मग मी मधलं बोलणं लिहून दिलं आणि मंचाच्या कडेला बसून लाऊडस्पीकरवर स्वतःच म्हणू लागलो. राहात्याच्या एका लग्नात लोक खदखदून हसले, पण नवऱ्या मुलाच्या मामाचं लंगडणं त्यानं केलं आणि मामानं मांडवातच त्याच्या कानशिलात वाजवली. परतताना एसटीत तो म्हणाला, "मारलं त्याचं काय न्हाई. पर मास्तर, त्याचा पाय मी न इचारता वापरला." सुपारी तेव्हापासून आली.

पुढं दुष्काळ पडला. दळायला धान्यच नव्हतं, गिरणी आठवड्यातून दोनदा चालायची. बाकीचे दिवस नकल्या खडी फोडायला जायचा. अशात श्रीरामपूरच्या एका मंडळाचं बोलावणं आलं. नगरचा एक ऑर्केस्ट्रावाला त्याला बघायला येणार होता. गाण्यांच्या मधल्या वेळात नकला करायला त्याला माणूस हवा होता. "हे जमलं तर मी सुटलो, मास्तर," नकल्या म्हणाला.

त्यासाठी त्यानं नवी नक्कल बसवली होती. शाळा सुटली की हेडगुरुजी फाटकात यायचे, कपाळावर हात धरून एसटीच्या रस्त्याकडं बघत राहायचे. मग टोपी सारखी करायचे, कुणी पाहिलं तर नाही ना असं बघायचे आणि आत वळायचे. गिरणीच्या दारातून नकल्यानं हे टिपलं होतं. "सगळ्यात भारी हीच हाय. पर गुरुजींम्होरं मी जानार न्हाई. चवथीत नापास केल्तं त्यांनी मला. तुमीच इचारा." त्यानं सुपारी माझ्या हातात दिली.

मी विचारलं नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती आणि शेरा गुरुजींच्या हातात होता. दुसरं कारण याहून वाईट. गुरुजींचा मुलगा घर सोडून गेला होता. तो मुंबईला नोकरीला लागला, असं त्यांनी गावात सांगितलं होतं. पण आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून चौकशीची पत्रं ते माझ्याकडून लिहून घेत. ते कुणाची वाट बघतात, हे गावात मला एकट्याला माहीत होतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि सगळ्यात चांगली नक्कल हातची गेली असती. सुपारी मी फोडून खाल्ली. दोन दिवसांनी नकल्याला सांगितलं, "उचलली त्यांनी. हसले."

श्रीरामपूरच्या त्या मंडळात गुरुजींचे जुने विद्यार्थी होते. त्यांनी गुरुजींना आग्रहानं आणून पहिल्या रांगेत बसवलं. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नकल्या त्या संध्याकाळी असा रंगला होता की ऑर्केस्ट्रावाला डोळे पुसत होता. मग नकल्यानं कपाळावर हात धरला, टोपी सारखी केली. विद्यार्थ्यांनी ओळखलं, हशा फुटला. गुरुजी उठले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी टोपी सारखी केली, अगदी नकल्यानं केली होती तशीच, आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेले. हशा तुटला. "उतर खाली! लाज न्हाई का?" कुणीतरी ओरडलं. नकल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली वाकून लाऊडस्पीकरची वायर चाचपत बसलो. वायरीला काहीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या मागच्या बाजूला आला. "मास्तर, गुरुजींनी सुपारी उचलली हुती ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग खोट माझ्यातच हाय. मानूस हसून सुपारी उचलतो अन् बघताना रडतो, म्हंजी माझं करनंच वंगाळ."

ऑर्केस्ट्रावाला पुन्हा फिरकला नाही. नकल्यानं त्यानंतर कुणाचीही नक्कल केली नाही. गिरणीत दळणाला आलेल्या माणसांकडंही तो बघेनासा झाला, नजर पिठावर. माझी नोकरी कायम झाली.

दोन वर्षांपूर्वी तो नगरच्या दवाखान्यात होता. भेटायला गेलो तर ओळखून हसला. "गुरुजी जायच्या आधी मी त्यांच्याकडं माफी मागायला गेल्तो. सुपारीचंबी इचारलं," एवढंच बोलला. गुरुजींना जाऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. मग उशीखालून त्यानं सुपारी काढली आणि चादरीवर माझ्यापुढं ठेवली.

"मास्तर, तुमची एक नक्कल बसवलीय. लई जुनी हाय. करू का?"

त्याचा उजवा हात खाटेच्या कडेला काहीतरी बारीक, लांब चाचपू लागला होता. ती वायर मी ओळखली.

मी सुपारी उचलली नाही. त्यानं वाट पाहिली. मग तो हात थांबला. सुपारी उशीखाली परत ठेवत तो म्हणाला, "चहा घेनार का?"

चौथ्या दिवशी तो गेला. ती नक्कल कुणीच पाहिली नाही, म्हणून मीच ती इथं केली आहे.