सीताफळाचं फूल

राज्याची वाटणी चालली होती ती वर्षं. आमच्या सरकारी ऑफिसातल्या फायलींचे दोन ढीग होत होते आणि कोण कुठल्या राज्यात जाणार, याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. अशाच एका संध्याकाळी दमून दिलसुखनगरच्या घरी आले, तर मला बघून आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"या, तशरीफ ठेवा," ते म्हणाले. "आपण कोणाकडे आलात?"

मला वाटलं, थट्टा चाललीय. आजोबा उर्दूतून शिकलेले, जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत आलेले. अशी नाटकं ते करायचे. मी हसले. ते हसले नाहीत. मला कायम 'तू' म्हणणारा माणूस 'आपण' म्हणत होता.

आई हळूच म्हणाली, "दुपारी अंगणातल्या सीताफळाला हात लावून विचारत होते, हे कसलं झाड?"

ते झाड त्यांनीच लावलेलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं कळलं, पण पटेना. मी रोज सकाळी मोबाईलवर त्या झाडाचे फोटो काढू लागले. कोवळी पानं, खोडावरच्या मुंग्या. फोटो हलू नये म्हणून श्वास धरावा लागतो. तेवढा वेळ रडू येत नसे. एकदा पानाआड हिरवट फूल दिसलं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं.

रविवारी तो फोटो आजोबांना दाखवला. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"सीताफळ. पाकळ्या तीनच, पण जाड."

"ओळखलंत, आजोबा?"

त्यांनी दोन्ही हातांनी फोन परत दिला. "फार सुंदर. आपल्या आजोबांना जरूर दाखवा. खूश होतील."

"दाखवते," मी म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. खालचं पातेलं भरून वाहिलं तरी बंद करायचं सुचेना.

त्यानंतर मी त्यांना काही ओळखायला सांगितलं नाही. सकाळी त्यांची खुर्ची झाडाजवळ ठेवायचे. मी उन्हात गेले की ते हाक मारायचे, "ताई, सावलीत या."

तीन वर्षं, ते जाईपर्यंत, मी त्यांची ताई होते. त्या हाकेला दरवेळी मी दचकायचेच.