‘मासे’ या रकान्यातले बेडूक

रायपूरच्या गुढियारीत श्यामकांत ढोकांचं घर विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही. पण ‘मेंढक भैया’ म्हटलं की पानठेलेवाला ठेला सोडून दारापर्यंत पोचवायला यायचा. वडील रेल्वेत गेले, भाऊ रेल्वेत गेला. श्यामकांत तेवढे बेडकांत गेले.

रायपूर राजधानी झाल्यावर निघालेल्या एका सरकारी कचेरीत ते क्षेत्र सहायक होते. धानाच्या खोडकिड्यावर एक नवं औषध आलं होतं. ते फवारल्यावर बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, बेडूक, सरडे जगतात की नाही, हे पाहणं त्यांचं काम. एकाच गावच्या त्याच बारा बांध्या, तीन पावसाळे. पहिला औषधाविना, पुढचे दोन औषधासह. संध्याकाळी बांधावर डोळे मिटून बसायचं आणि आवाजावरून मोजायचं. एकच बेडूक दोनदा मोजणं त्यांना चोरी वाटे.

“लोकाईचे नवरे खुर्चीत बसतेत,” बायको क्षमा म्हणायची, “माहा चिखलात बसून राहिला!”

वरून आलेल्या फॉर्मात रकाने दोनच: मासे आणि पक्षी. बेडकाला माशांत धरावं, सरड्याला पक्ष्यांत, अशी खाली टीप होती. श्यामकांतांनी मुकाट्यानं सरड्यांना पंख लावले. पहिल्या वर्षी ‘मासे’ दोनशे बारा. दुसऱ्या वर्षी एकसष्ट. तिसऱ्या वर्षी, भर भादव्यात, शून्य.

“काका, कॉम्प्युटर शून्य घेत नाही,” पुण्याहून आलेल्या तरुण अधिकारी मंजिरी मॅडम म्हणाल्या. “एक तर आढळले, नाही तर पाहणी झाली नाही. शून्य म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.”

“मी गेलतो मॅडम. बेडूकच नव्हते आले.”

मॅडम हसल्या, मग त्यांनी हिशेब मांडला. पाहणी झाली नाही म्हटलं तर तिन्ही वर्षं बाद, आणि औषध बिनबोभाट मंजूर. “एक तरी शोधा, काका. दोनशे बारा, एकसष्ट, एक! आंधळ्यालाही कळेल.”

श्यामकांत शोधत सुटले. लग्नासाठी मुली पाहतानाही ते इतके हिंडले नव्हते. पाचव्या दिवशी बाराव्या बांधीत, खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी एक सापडला. वाळलेला, मागचा पाय ओढत चाललेला. श्यामकांतांनी त्याला ओंजळीत घेतलं. “आजच्या दिवस जित्ता राह्य बाप्पा,” ते म्हणाले आणि फॉर्मात एक लिहून, पावशेर जिलेबी घेऊन घरी आले.

महिन्याभरानं छापील अहवाल आला. आकडे शेवटच्या परिशिष्टात होते, आणि परिशिष्ट जागेअभावी गाळलं होतं. उरली होती एक ओळ: ‘तिन्ही वर्षी मासे आढळले. धोका नाही.’ खाली नाव, पाहणी करणारे: श्यामकांत ढोक.

मॅडमनी वर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की रकाना वाढवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

त्या दिवशी क्षमानं थट्टा केली नाही. “काहून जेवून नाही राहिले?”

“शून्यच लिवाले पाह्यजे होतं मले.”

“घेत नव्हता ना पण तो कॉम्प्युटर?”

“मंग हातानं लिवाचं होतं. सही करून. बाद तर बाद. ‘आढळले’वर माह्यं नाव तरी नसतं.”

पुढच्या पावसाळ्यात ते कामाशिवायच त्या गावी गेले. बांध्यांचा मालक धर्मपाल पाठीवर पंप अडकवून, झाकण उघडं टाकून उभा होता. त्याला आनंद झाला.

“अरे मेंढक भैया! ये दवाई आपही के नाम से पास हुई है ना? दुकानवाला कागज दिखा रहा था. तभी तो पूरे पारा-मोहल्ले ने ले ली.”

श्यामकांतांना बरंच काही सांगायचं होतं. मासे, पक्षी, परिशिष्ट. एवढं सगळं बांधावर उभ्या माणसाला कुठून सांगायला सुरुवात करायची?

“हव,” ते म्हणाले.

“जरा पानी डाल दो ना भैया, मेरा हाथ नहीं पहुँच रहा.”

श्यामकांतांनी बादली उचलली आणि पंप काठोकाठ भरून दिला.