भिंगाचं झाकण

वेल्टाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. तालिवाल्डिस मास्तरांचा कॅमेरा वाहून वाहून आलेला. रिगातले नावाजलेले दिग्दर्शक ते, आणि हट्ट एकच: जुना रशियन फिल्मचा कॅमेरा, त्याला पन्नास मिलिमीटरचं एकच भिंग. दुसरं भिंग दाखवलं की अंगावर यायचे. “जवळून बघायचंय? मग पायानं जवळ जा.” जायचे मास्तर, आणि कॅमेरा उचलून मागं पळायची वेल्टा. फिल्म तिनं भरायची, फीत धरून अंतर तिनं मोजायचं. कॅमेऱ्याला डोळा लावायचा मात्र दुसऱ्या कुणीतरी. बक्षिसं मास्तरांना, पाठदुखी हिला.

पुढं मास्तरांची सद्दी संपली. कुणी दारात उभं करीना. मग एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला. “वेल्टा, शेवटचा सिनेमा करतोय. या खेपेला तू मदतनीस नाहीस. कॅमेऱ्यावर तूच.”

बाईनं सगळा हिवाळा कॅमेरा खोलून, तेलपाणी करून लख्ख केला.

पहिल्या दिवशी मंडळी समुद्रकाठी जमली. पहिल्या शॉटआधी सगळ्यांची नावं लिहिलेली बशी कॅमेऱ्याच्या तिवईवर फोडायची आणि तुकडे वाटून घ्यायचे, हा रिवाज. वेल्टानं बशी वाचली. मास्तरांच्या शेजारी कॅमेरामन म्हणून त्यांच्या जावयाचं, रायटिसचं नाव. हिचं पार काठाला, मदतनिसांत.

“मास्तर, हे काय?”

“अगं, पैसा त्याच्या बापाचा. समजून घे. कॅमेऱ्याला हात तुझाच लागणार की.”

“व्हय, हात माझा. डोळा तेवढा जावयाचा.”

“तोंड चालवू नकोस. उजेड चाललाय.”

बशी फोडायच्या आधी भिंगावर झाकण चढवायचं, हे दर सिनेमाला वेल्टाच करायची. आताही तिचा हात कोटाच्या खिशात गेला, झाकणाला लागला, आणि तिथंच राहिला.

रायटिसनं मोठ्या रुबाबात बशी हाणली, ती पार वर, भिंगाच्या बुडाशी. तुकडे उडाले. टाळ्या पडल्या. मास्तर वाकून बघतात, तर भिंगावर पांढरा ओरखडा.

“झाकण? झाकण का नाही लावलं?”

सगळे वेल्टाकडं बघायला लागले.

“ते मदतनिसाचं काम, मास्तर. या खेपेला मी मदतनीस नाही. तुम्हीच म्हणालात.”

“सासरेबुवा, नवं मागवू की,” रायटिस म्हणाला. “झूमवालं.”

मास्तर वाळूत मटकन बसले. वेल्टा तुकडा न उचलता बसथांब्याकडं निघाली. खिशात झाकण बोटांत फिरत होतं. तिला जन्मभर त्या भिंगातून बघायला मिळालं नव्हतं. आता मास्तरांनाही मिळणार नव्हतं. आनंद म्हणावा, तर तोही झाला नाही.