मंदाकिनीबाईंचं लांबलेलं मौन

कर्वेनगरच्या कॉलनीत मंदाकिनीबाईंची शिकवणी म्हणजे टाकसाळ होती, उत्तरं पाडायची. शाळेतून निवृत्त झाल्यावरही बाई रोज संध्याकाळी पाचला खुर्चीत बसत, डोळे मिटत आणि नववीचं विज्ञान स्वल्पविरामासकट सांगत. मुलं उतरवून घेत. प्रश्न विचारायची सोय नव्हती. तोही बाईच सांगत, उत्तराच्या आधी.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर बाईंचा घसा बसला. डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलं. शेजारच्या यज्ञेश्वररावांनी दुपारची झोप मोडून ही बातमी घरोघर पोचवली, यावरून कॉलनीला किती दुःख झालं ते समजावं.

शिकवणी बंद ठेवणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'दूध उतू जातं, पाणी का नाही?' आणि गप्प बसल्या. दोन दिवस मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी धीर केला, "बाई, स्टोव्ह पेटवू?" बाईंनी मान हलवली. चौथ्या दिवशी दोन पातेली करपली. सहाव्या दिवशी साडेसात वाजले तरी मुलं घरी जाईनात. असा गलका बाईंनी जन्मात ऐकला नव्हता. या कार्ट्यांच्या डोक्यात चालतं तरी काय, हे ऐकायची त्यांना चटकच लागली.

आठव्या दिवशी आवाज परत आला. बाईंनी तो गिळला. मांजरावर खेकसताना मात्र यज्ञेश्वररावांनी पकडलं. "वा! मौन फक्त माणसांसाठी वाटतं?" बाईंनी खिडकी लावून घेतली. पंधराचे तेवीस दिवस झाले.

तेविसाव्या दिवशी शिकवणीतल्या शालूची आई दारात उभी राहिली. विजयमालाबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "अहो बाई, सहामाहीत नापास झालीय ही, आणि वही कोरी! आज काही सांगणार असाल तर ठीक, नाहीतर उद्यापासून शालू दुसरीकडे."

बाईंनी शालूकडे पाहिलं. जूनपासून 'हजर'पलीकडे न बोललेली ही मुलगी आज स्वतः दोन मेणबत्त्या घेऊन आली होती, एक उंच, एक बुटकी. आपण एक वाक्य सांगितलं तर शालू राहील. पण लगेच मेणबत्ती ठेवून पेन्सिल उचलेल.

बाई गप्प राहिल्या. शालूनं मेणबत्त्या ताटात पेटवल्या आणि वर काचेची मोठी बरणी पालथी घातली.

"बुटकी आधी विझणार," ती म्हणाली. "कार्बन डायॉक्साइड जड असतो, खाली बसतो. बाईंनीच सांगितलंय."

बाईंनी समाधानानं मान डोलावली. अठ्ठावीस वर्षं सांगत होत्या.

उंच मेणबत्ती फडफडली आणि विझली. बुटकी खुशाल जळत राहिली, आणखी थोडा वेळ.

बाईंचं तोंड उघडलं. "हं, सांगा!" विजयमालाबाई पुढे सरकल्या.

"नको ना बाई, थांबा!" शालू जवळजवळ ओरडली. तिनं बरणी उचलून वारा घातला, पुन्हा पेटवलं. पुन्हा उंचच आधी गेली. "जळून निघालेला वायू गरम असतो... म्हणून वर जात असेल, वरच साठत असेल. पण बाई, मग तुमचं ते जड, ते चुकलं का?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," मंदाकिनीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"अगंबाई! आवाज आला की आपला!" विजयमालाबाई उद्गारल्या.

"येऊन पंधरा दिवस झाले."

विजयमालाबाईंनी बाईंकडे पाहिलं, मग लेकीकडे. पोरीचे कान लाल झाले होते आणि ती आईकडे बघतही नव्हती. विजयमालाबाई पदर खोचून ताटाशी बसल्या.

"उद्या येईल ती," त्या म्हणाल्या. "पण मला सांग शालू, दोन्ही सारख्या उंचीच्या लावल्या तर गं?"

शालू सुरी आणायला स्वयंपाकघरात पळालीसुद्धा.