पेटी रोज कशी जुळते?

हिशेबाच्या कामाला लोक रुक्ष म्हणतात. म्हणोत बापडे! कचेरीत किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तारेला टोचलेल्या व्हाउचरांसारखे ते आपोआप साठत जातात आणि एक काढायला जावं तर चार हाताला येतात. ते सालवार मात्र लागत नाहीत, तेव्हा साल विचारू नका.

छप्पन साली मी दारव्हा तालुक्यातल्या एका खरेदी-विक्री सोसायटीत कारकून म्हणून लागलो. आमचे हेडक्लार्क दिगंबरराव. अर्धं आयुष्य त्यांनी एका कापसाच्या जिनिंगच्या वह्या लिहिण्यात घालवलं होतं. चेअरमन वामनराव, शंभर एकरांचे कास्तकार, आवाजही तेवढाच मोठा. आणि कॅशियर सीताराम राठोड. आपल्या बंजारा तांड्यावरचा पहिला मॅट्रिक. बायको, दोन लेकरं आणि म्हातारे आईबाप या एका पगारावर.

त्याच्या नेमणुकीला कमिटीत विरोध झाला होता. "तांड्यावरच्या माणसाच्या हाती किल्ली?" असं वामनराव उघड बोलले. दिगंबरराव स्वतः जामीन राहिले, तेव्हा कुठे नेमणूक झाली. त्यालाही अट होतीच. रोकडीच्या पेटीत एक पैसा कमी आला, तर सीताराम त्याच दिवशी घरी! ती अट ऐकताना त्याचा चेहरा मी पाहिला होता. मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली, पण मी बोललो काही नाही.

* * *

एकदा वामनरावांनी गोदामातून सरकीच्या ढेपीची दोन पोती उचलून बैलबंडीत टाकली. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. दिगंबररावांनी शांतपणे त्यांच्या नावे उधारी मांडली.

दुसऱ्या दिवशी वामनराव तणतणत आले. "सोसायटी म्या काढली, अन् माह्याच नावावर उधारी?"

"वामनराव, मोठ्या पोरीच्या घरी तुम्ही जेवले काय हो?"

"तिले लेकरू कुठी झालं अजून? लेकरू होईलोक बाप जेवते काय पोरीच्या घरी?"

"काहून? पोरगी तुमचीच हाये ना!"

"माहीच हाये. पण आता तिचं घर अलग झालं."

"सोसायटीचंही घर अलग झालं," दिगंबरराव म्हणाले. "अन् हिले तर लेकरूही व्हायचं नाही!"

वामनरावांनी पैसे मोजले आणि पावती मागून घेतली. मालक वेगळा, संस्था वेगळी, हा हिशेबाचा पहिला धडा मी पुस्तकात फार नंतर वाचला.

* * *

वार्षिक सभेत मी ताळेबंद वाचत होतो. 'देणे' या सदरात पहिलंच नाव आलं सभासदांच्या भागभांडवलाचं. किसनबा नावाचे एक म्हातारे सभासद तडक उभे राहिले.

"थांब रे बाबू! आमचे पैसे देण्यात काहून? बुडाले काय?"

झालं! सभेत कालवा उठला. चार जण तर शेअरची रक्कम परत मागायला टेबलापाशी आले.

दिगंबररावांनी सगळ्यांना खाली बसवलं. "किसनबा, हे सोसायटीचं देणं हाये. तुमचं नाही."

"सोसायटी कोणाचं देणं लागते?"

"तुमचंच."

किसनबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "असं हाये, त मंग हे फेडू नका म्हणा!"

त्याच सभेत दुसरा प्रश्न आला. नफा अठराशे रुपये लिहिलाय आणि शिल्लक दाखवता बावीस रुपये, मग नफा गेला कुठे? विचारणारा गडी अंगानं चांगला दणकट होता. दिगंबररावांनी त्याला हाताला धरून गोदामात नेलं आणि नव्या वजनकाट्यावर उभं केलं.

"दिसला काय नफा?"

"कुठी हाये?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे हायेत."

* * *

आमचा शिपाई महादेव रोज सोसायटीच्या सायकलीवरून टपाल न्यायचा. सायकलीची किंमत वहीत दरसाल कमी होत होत एक रुपयावर आली. हे त्याच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं टेबलावर एक रुपया ठेवला.

"हा घ्या. सायकल मले द्या."

आम्ही हसलो. दिगंबरराव हसले नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवलं. "महादेव, ही विकायची किंमत नोहे. सायकल दर साली थोडी झिजते. जेवढी झिजली, तेवढा खर्च त्याच साली लेहायचा. नाही तर एक दिवस ती मोडते अन् आपण म्हणतो, हे अचानक काय झालं?"

महादेवनं रुपया उचलून कनवटीला लावला. उठता उठता म्हणाला, "मी बी झिजून राह्यलो साहेब. माहं कोणत्या पानावर लेहिता?"

 मला मान वर करवेना.

पुढच्या अंदाजपत्रकात 'शिपाई निवृत्ती निधी' असं नवं कलम आलं. रक्कम लहान होती. वामनरावांनी विचारलं, "हे कायले?" दिगंबरराव म्हणाले, "सायकलीनं मांगितलं नव्हतं तरी तिचं लेहिलं. यानं मांगितलं."

* * *

आता जो किस्सा मी कुणालाही सहसा सांगत नाही, तो सांगतो.

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. जुने आणे आणि नवे पैसे दोन्ही चालत होते. एका आण्याचे सहा नवे पैसे धरायचे, तीन आण्यांचे एकोणीस. बाजाराच्या दिवशी सोळा जणांनी एकेक आणा दिला, तर वहीत जमा शहाण्णव पैसे. पेटीत मात्र सोळा आणे, म्हणजे पुरा रुपया, शंभर नवे पैसे! चार पैसे जास्त. तेच सोळा जणांनी तीन-तीन आणे दिले, तर उलट चार पैसे कमी. यात कुणाचीच लबाडी नव्हती. तालुक्यातल्या सगळ्या कॅशियरांची तेव्हा हीच रड होती.

जिल्ह्याहून ऑडिटर आले. त्यांनी पेटी मोजली, वही पाहिली आणि खूश झाले. "वर्षभर एका पैशाचाही फरक नाही! अशी पेटी मी पाहिली नाही."

वामनरावांनीसुद्धा सीतारामच्या पाठीवर हात ठेवला. मला हायसं वाटलं.

दिगंबररावांचा चेहरा मात्र उतरला होता. ऑडिटर गेल्यावर त्यांनी सीतारामला विचारलं, "यंदाच्या साली पेटी रोज कशी जुळते?"

 सीतारामनं कपाटामागून पत्र्याची एक डबी काढली. तिच्यात सुटे पैसे होते आणि बारीक अक्षरांत लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पैसे कमी पडले, त्या दिवशी त्यानं खिशातले घातले होते. जास्त भरले, त्या दिवशी उचलून डबीत ठेवले होते. प्रत्येक दिवसाची चिठ्ठी होती. घातलेले दोन रुपये अकरा पैसे आणि डबीतले एक रुपया चौसष्ट.

"कमी आले असते त तुम्ही मले त्याच दिवशी घरी धाडलं असतं," तो म्हणाला. "अन् ज्यादा आले असते, तरी इचारलं असतं, कोणाचे मारले?"

वामनराव म्हणाले, "त्यानं स्वतःचेच टाकले ना? मंग कोणाचं काय गेलं? जाऊ द्या."

"वही गेली," दिगंबरराव म्हणाले. मी त्यांचा आवाज कधी इतका कडक ऐकला नव्हता. "वही जुळवासाठी नसते वामनराव. काय झालं ते सांगासाठी असते. अन् ही वही वर्षभर खोटं बोलली. याले खोटं लेहाले आपण लावलं. ते अट आपली होती!"

वामनराव तापले. "मंग सभेतच वाचा सगळं. ठेवाचं का काढाचं, ते सभा सांगीन."

त्या आठवड्यात सीताराम जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. मी एकदा म्हटलं, "सीतारामभाऊ, घरी सांगितलं काय?" तो म्हणाला, "बाप इचारते, साहेबानं शाबासकी देल्ली म्हणे. त्याले काय सांगू?"

सभेच्या दिवशी दिगंबररावांनी सीतारामलाच वाचायला उभं केलं. मला त्यांचा राग आला. इतकं कठोर कशाला व्हायचं माणसानं!

त्यानं चिठ्ठ्या तारखेवार वाचल्या. "आज पेटीत तीन पैसे कमी. आज दोन ज्यादा. आज चार कमी." दीडशे माणसं ऐकत होती. वाचायला पाऊण तास लागला. शेवटी म्हणाला, "एकूण सत्तेचाळीस नवे पैसे कमी हायेत." आणि कागद धरून तसाच उभा राहिला.

वामनराव उठले. "आता बोला. याले ठेवाचं का काढाचं?"

 मग मागून, बायका बसल्या होत्या तिथून, एक म्हातारी उठली. ती सभासद नव्हती. जावयासोबत आली होती.

"कापसाचे पैसे घरी मडक्यात ठेवले हायेत," ती म्हणाली. "इथी ठेवता येते काय?"

दिगंबरराव म्हणाले, "येते."

"पेटीपाशी कोण बसते?"

दिगंबररावांनी सीतारामकडे बोट दाखवलं. म्हातारीनं त्याला नीट न्याहाळून घेतलं.

"मंग उद्या सकाळी आणीन. याच्याच हातात देईन."

ती खाली बसली.  वामनरावांनी चष्मा लावला आणि पुढचा विषय पुकारला.