एक ते दोनच्या मधलं फोल्डर

सुलभा चौधरी लोधीपुऱ्यातल्या कॉलेजात पहिल्यांदा आली, त्या दिवशी तिला कोणी बसा म्हटलं नाही. स्टाफरूममध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या. ती दारातच उभी राहिली, बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "लॅबची चावी कोणाकडे आहे?"

२०११ साल होतं. एकाच संस्थेची दोन कॉलेजं एक करायचं ठरलं होतं, लोधीपुऱ्यातलं जुनं कॉमर्सचं आणि राजघाटाच्या रस्त्यावरचं नवं कॉम्प्युटरचं. नव्या कॉलेजातल्या मशीन सुलभा सांभाळायची. नेपानगरच्या एका फिटरची ती मुलगी, वय चौतीस, बोलणं तुटक. दोन्हीकडच्या शिक्षकांच्या फायली राजघाटच्या इमारतीतल्या एका सर्व्हरवर आणायचं काम तिच्याकडे आलं होतं. कुठल्याही मशीनवर बसून आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, की नेटवर्कवरून आपलं फोल्डर समोर यायला हवं होतं. शिवाय तो सर्व्हर दर तासाला सगळ्या फोल्डरांचा स्नॅपशॉट घेणार होता. म्हणजे त्या क्षणी जे जसं आहे ते तसंच धरून ठेवणार, आणि ते कोणाला बदलता येणार नाही.

चावी दिगंबर महाजनांकडे होती. दोन कॉम्प्युटरांपासून ही लॅब त्यांनीच उभी केली होती. चौदा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स त्यांच्या टेबलावरच्या मशीनमध्ये होत्या.

"आमच्या फायली तुमच्या डब्यात काहून ठेवायच्या?" त्यांनी विचारलं. "इथं काय चोर राहतात?"

"डबा माझा नाही, संस्थेचा आहे. तुमची हार्डडिस्क उद्या गेली तर?"

"चौदा साल में नहीं गई. तुम्ही आलात म्हणून जाईल?"

प्राचार्यांचा लेखी आदेश होता, म्हणून त्यांनी फायली दिल्या. देताना सगळ्यांसमोर म्हणाले, "काही गायब झालं तर मॅडम जबाबदार. ऐकून ठेवा."

"ऐकलं," सुलभा म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात तीन वेळा लॅबमधल्या सगळ्या मशीन एकदम गोठल्या. फायली दुसऱ्या इमारतीत, मधला दुवा तुटला की इकडची मशीन नुसती वाट बघत बसते. माउस हलतो, बाकी काही नाही. पोरं ओरडायची, शिक्षक हसायचे. तिन्ही वेळा कोपऱ्यातल्या नेटवर्क स्विचची, जिथं सगळ्या मशीनच्या तारा जोडलेल्या असतात त्याची, पिन कोणीतरी उपटलेली होती. चौथ्या दिवशी सुलभाने गल्लीतल्या वेल्डरकडून लोखंडी पेटी करून आणली, स्विच आत ठेवला आणि कुलूप लावलं. तेव्हापासून तिला मागून 'जेलरबाई' म्हणू लागले. तिने ते ऐकलं. तिनेही त्यांच्यातल्या कोणाला पुन्हा नमस्कार केला नाही.

मग एका गुरुवारी दुपारी तीन वाजता सुलभाच्या राजघाटच्या ऑफिसात फोन आला. दिगंबर सरांचं फोल्डर रिकामं झालं होतं.

ती पोचली तेव्हा स्टाफरूम भरलेली होती. प्राचार्य दत्तात्रय पाटील मध्ये बसले होते.

"चौदा वर्षं!" दिगंबर सर टेबलावर हात आपटत म्हणाले. "एका महिन्यात साफ! मी सांगितलं होतं की नाही?"

"मॅडम, काय जवाब आहे तुमचा?" प्राचार्यांनी विचारलं.

सुलभाने जवळच्या मशीनवर सर्व्हर उघडला. एक वाजताच्या स्नॅपशॉटमध्ये फोल्डर भरलेलं होतं, दोनच्यामध्ये रिकामं. तिने एक वाजताचं परत आणलं. दोन मिनिटं लागली. चौदाही वर्षं पडद्यावर रांगेने उभी राहिली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. शोभा नावाच्या लायब्ररीतल्या बाईंनी तिला डोळ्यांनी तसं खुणावलंही.

सुलभा थांबली नाही. "एक ते दोनच्या मध्ये हे पुसलं गेलं," ती म्हणाली. "सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे त्या वेळात सरांच्या नावाने एकच मशीन चालू होती. लॅबमधली सात नंबरची. सर, एक ते दोन लॅब बंद असते ना? चावी कोणाकडे असते?"

दिगंबर सरांचा चेहरा काळवंडला. "म्हणजे मी? माझ्याच फायली?"

त्यांच्या शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्हचं टोक दिसत होतं. "पुसण्याआधी त्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये काय उतरवून घेतलंत ते बघू या?"

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. ते सगळ्यांनी पाहिलं.

"बस," प्राचार्य उठून म्हणाले. "फायली मिळाल्या, मामला खतम."

मामला खतम झाला नाही. सुलभाची कोणी माफी मागितली नाही. उलट, भरल्या स्टाफरूममध्ये वयाने मोठ्या माणसाला उघडं पाडलं म्हणून उरलेसुरलेही तिच्याशी बोलेनासे झाले. नव्या कॉलेजातले तिचे स्वतःचे लोकसुद्धा चहाला जाताना तिला हाक मारायचे नाहीत. घरी आईने विचारलं, "एवढं बोलायची काय गरज होती?" सुलभा म्हणाली, "त्यांनी मला चोर ठरवलं असतं आणि मी पुढची वीस वर्षं तिथं चोर म्हणून काम केलं असतं." त्या रात्री ती जेवली नाही, पण शब्द मागे घ्यावेसे तिला वाटले नाहीत.

दोन वर्षांनी, परीक्षेच्या तोंडावर, दिगंबर सर राजघाटच्या ऑफिसात आले. अंतर्गत गुणांची फाइल त्यांच्याकडून खरोखरच चुकून पुसली गेली होती. ते टेबलासमोर उभे राहिले.

"अर्ज लागेल," सुलभा मान वर न करता म्हणाली. "कोणती फाइल, केव्हा पुसली, कोणी पुसली. खाली सही."

"कोणी पुसली तेही लिहायचं?"

"तेही."

त्यांनी उभ्यानेच लिहिलं. तिने अर्ज वाचला, सकाळी अकराच्या स्नॅपशॉटमधून फाइल काढली आणि त्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली. "झालं."

ते आभार न मानता निघून गेले. तिलाही आभार नको होते. दिगंबर सर निवृत्त होईपर्यंत दोघं एकमेकांशी कामापुरतंसुद्धा तोंडी बोलले नाहीत. जे काही असेल ते कागदावर.