स्वित्झर्लंडची संकष्टी
आज इंद्रलोक सोसायटीतल्या आमच्या घरात खिचडीसाठी दाणे भाजायला घेतले आणि त्या वासासरशी मला स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलचं बाथरूम आठवलं. फ्रान्स, जर्मनी करत आम्ही सगळे तिथे पोचलो होतो. अख्ख्या ट्रिपमध्ये मला फक्त बर्फाच्या डोंगरावर जायचं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी सासूबाईंची संकष्टी आली. नवरा बूट चढवत म्हणाला, “तू थांब ना, आईला आल्या आल्या फराळाचं लागेल.” मग सगळे वर गेले, सासूबाईसुद्धा. खोलीतला धुराचा अलार्म वाजेल म्हणून मी बाथरूममध्ये, बेसिनशेजारी इलेक्ट्रिक कुकर लावून साबुदाण्याची खिचडी केली आणि वरच्या झरोक्यातून दिसला तेवढा डोंगर बघितला. संध्याकाळी सगळे खुशीत परतले. सासूबाई म्हणाल्या, “मला नको गं आता, वर फ्राइज खाल्ले. बटाटाच तो, उपासाला चालतो.” खिचडी दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कचऱ्यात टाकली. आत्ता बाहेर सासूबाई शेजारच्या काकूंना सांगतायत, “परदेशातसुद्धा मी संकष्टी मोडली नाही, हवं तर सुनेला विचारा.” काकूंनी आत डोकावून बघितलं. मी “हो” म्हणाले आणि दाणे मिक्सरमध्ये फिरवले.